करड्या लाकडापर्यंत

गाठ ओळखीची होती.

ओतिलियाने हातातली कात्री खाली ठेवली आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. लाल फुलांनी बहरलेल्या मिर्तोच्या दोन झुडपांमध्ये, तिच्या छातीच्या उंचीवर, केसाइतक्या बारीक नायलॉनची जाळी ताणलेली होती. ऊन तिरकं पडलं म्हणून दिसली. एरवी तिथे नुसती हवा होती. वरच्या कोपऱ्यातला दोरा फांदीला दोन वेढे देऊन स्वतःखालून उलटा ओढून घेतला होता. ताण पडला की आवळणारी आणि टोक झटकलं की सुटणारी गाठ. छपरावर काम करणारी माणसं अशी गाठ मारतात. घरात तशाच दोन गाठींवर वाशाला एक पाळणा टांगलेला होता. जावयाने तो गेल्या आठवड्यात बांधला होता, आणि तिच्या लेकीने, नोएमीने, पोटावर हात ठेवून रिकाम्याच पाळण्याला पुन्हा पुन्हा झोका देऊन पाहिला होता.

जाळीत एक पीस अडकलं होतं. नखाहून लहान, काळपट. ओतिलियाने ते उन्हात वळवलं तर निखाऱ्यासारखं लाल झालं.

"ओती! आहेस का गेलीस?" कुंपणाच्या भिंतीपलीकडून सेनोबियाचा आवाज आला.

ओतिलियाने गाठीचं टोक झटकलं. जाळी अलगद खाली आली. ती गोळा करून तिने एप्रनच्या खिशात कोंबली आणि कात्री उचलली.

सेनोबिया गावातली झाडणारी. भ्यालेल्या माणसाच्या अंगावरून मिर्तोच्या फुललेल्या फांद्या फिरवून ती त्याची भीती उतरवायची, आणि त्या फांद्या ओतिलियाकडून न्यायची.

"चांगल्या भरगच्च जुड्या दे," ती भिंतीवर कोपरं टेकवून म्हणाली. "गवंड्याच्या सुनेनं काल साप बघितला. तेव्हापासून घास गिळेना."

"चावला का?"

"चावला असता तर मी कशाला, डॉक्टर गेला असता. माझ्याकडे न चावलेलेच येतात." सेनोबिया स्वतःच हसली. "आणि लवकर दे बाई. आज रात्री उत्तरवारा सुटणार. माझा गुडघा रेडिओच्या आधी बातमी देतो. उद्या बघ, तुझ्या दारात चुपारोसांची जत्रा."

लास नोरियास गावात चुपारोसा म्हणजे अंगठ्याएवढं पाखरू. फुलासमोर हवेत जागच्या जागी उभं राहतं, चोच आत घालतं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत नाहीसं होतं. दर ऑक्टोबरात पहिला उत्तरवारा सुटला की त्याच्या पाठीवर बसून ती झुंडीने दक्षिणेकडे निघत. उघड्याबोडक्या टेकड्या ओलांडल्यावर त्यांना पहिला लाल रंग दिसे तो ओतिलियाच्या कुंपणाचा. मेलेल्यांचा सण जवळ आला की घरची माणसं या रूपाने डोकावून जातात, असं गावात म्हणत. ओतिलिया त्यावर हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे. मात्र त्या दिवसांत सकाळची कॉफी ती बाहेर बसून पीत असे.

"यंदा मात्र कमी दिसतात गं," सेनोबिया झुडपांकडे बघत म्हणाली. "मागच्या वर्षी या वेळेला कानाशी नुसती गुणगुण असायची."

"मांजर असेल."

"तुझ्याकडे मांजर कधी आलं?"

"शेजारचं." ओतिलियाने जुडी बांधून भिंतीवर ठेवली.

सेनोबियाने मान वळवून घराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "आणि ती पुडी? आहे ना गादीखाली?"

"हळू बोल."

"नोएमी नळावर रांगेत उभी आहे, बघूनच बोलतेय. मी काय आजची आहे? काढू नकोस हं ती. पुडीनं आलेला पुरुष पुडी असेपर्यंतच घरात टिकतो. माझ्या मावशीनं चुलीत टाकली होती. बसली मग जन्मभर दाराकडं बघत."

ती गेल्यावर ओतिलिया कात्री घेऊन नुसतीच उभी राहिली.

जावई, एलिसेओ, सीमेपलीकडे छपरं घालायच्या कामाला गेला तेव्हा पहिले काही महिने दर रविवारी फोन यायचा. मग एक रविवार चुकला, मग सगळेच. नोएमी जेवेनाशी झाली. तेव्हा ओतिलिया बस पकडून शहरातल्या बाजारात गेली होती. वनस्पती आणि मेणबत्त्या विकणाऱ्यांच्या ओळीत, मागच्या बाजूला, विचारलं तरच मिळणारी वस्तू तिने आणली. वाळवलेली चुपारोसा, लाल रेशमाच्या दोऱ्याने गुंडाळलेली, वर लाल कापड. गेलेला पुरुष परत यावा म्हणून बायका ती ठेवत आल्या होत्या. तिच्या आईनेही ठेवली होती. ओतिलियाने ती लेकीच्या गादीखाली सरकवली. नोएमीला सांगितलं नाही. आणि थंडी संपता संपता एका सकाळी एलिसेओ पाठीला पिशवी लावून फाटकात उभा होता.

तो छपरावरून पडला होता. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वळत नव्हती, काम सुटलं होतं, आणि लाजेने त्याने फोन केला नव्हता. नोएमी नळावर सगळ्यांना सांगे, "तुमच्यांना तिकडच्या पोलिसांनी धरून गाडीत घालून पाठवलं. माझा स्वतःच्या पायानं आला."

ओतिलिया ते ऐकत असे आणि भांडी घासत असे.

*

एलिसेओ मागच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याला माती लिंपत होता. थापी तो तीन बोटांत धरायचा. त्यामुळे भिंतीवर माती कधी जाड, कधी पातळ बसे, आणि तो पुन्हा पुन्हा त्याच जागेवर हात फिरवत राही.

ओतिलियाने खिशातली जाळी काढून त्याच्यासमोर खुराड्यावर ठेवली.

त्याने बघितलं. थापीवरची माती सावकाश निपटली.

"उन्हात ठेवू नका," तो म्हणाला. "दोरा कडक होतो."

"लाज नाही वाटत?"

"वाटते, सासूबाई. पण लाज तव्यावर टाकून भाजता येत नाही."

"कुणाला देतोस?"

"बुलमारोला. बाजारात माल पुरवतो तो." त्याने थापी बादलीत बुडवली. "आज संध्याकाळी येणार आहे. वाऱ्याबरोबर जेवढी उतरतील तेवढी सगळी पाहिजेत त्याला. आज रात्री तो गावातच राहतोय, माझ्यावर नजर ठेवायला."

"नोएमी तर म्हणत होती, तो तुला काम देणारा आहे."

"हेच काम."

"मग सांग त्याला, जमत नाही म्हणून."

एलिसेओने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "त्या टायर दुरुस्तीवाल्यानं सांगितलं होतं, जमत नाही. आठवतं? आठवड्याभरात दुकान जळालं. आणि दुसऱ्या दिवशी माफी मागायला कोण गेलं? टायरवालाच. बुलमारोला नाही म्हणायचं तर आधी काहीतरी कारण लागतं, आणि ते कारण त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं लागतं."

"आणि पोलिसांनी धरलं म्हणजे? घरात बाळंतपण, आणि तू तुरुंगात?"

"हातावर उपाय सांगा, उद्या सोडतो. वीटभट्टीवाल्यानं हात बघितला आणि दार दाखवलं. सफरचंदाच्या बागेवाल्यानंही तेच."

"मी नोएमीला सांगते."

त्याने थापी खाली ठेवली. घाई नव्हती. जणू हे वाक्य यायची तो वाटच बघत होता.

"सांगा. मग मीही सांगतो. गादीखालची पुडी मला आलो त्याच आठवड्यात सापडली. नोएमीला ठाऊक नाही, म्हणजे तुम्ही आणलीत."

ओतिलियाचा हात एप्रनच्या खिशात गेला. तिथे आता काही नव्हतं.

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं? उघडून बघितली मी. आत पाखरूच आहे. कुणाच्या तरी दारातल्या अशाच झुडपावर कुणीतरी धरलेलं. मला घरी आणायला एक मेलं, ते चाललं. माझं मूल जगवायला मेलं, की पाप." आवाज वाढवायची त्याची तयारी नव्हती, तो कुजबुजतच बोलत होता, म्हणून जास्त लागत होतं. "ती सगळ्या गावाला सांगते, नवरा स्वतःच्या पायानं आला. मी आलोच होतो स्वतःच्या पायानं, सासूबाई. सांगू तिला, की तुझ्या आईला तसं वाटत नाही? तिला वाटतं मला बाजारातून आणलंय?"



"काय गुपितं चाललीत दोघांची?" स्वयंपाकघराच्या दारातून नोएमी ओरडली. "तोर्तिया गार होतायत! मला नववा महिना लागायचाय आणि वाढायचंही मीच!"

तिघं जेवायला बसली. घेवडा, मिरचीची चटणी, तव्यावरच्या तोर्तिया. नोएमीने नवऱ्याच्या ताटात आपली अर्धी तोर्तिया टाकली. "खा. संध्याकाळी साहेब येणार ना तुझा. उपाशी दिसलास तर पगार कमी लावेल."

"साहेब नाही तो," एलिसेओ म्हणाला.

"मग कोण? मामा?" ती एकटीच हसली. दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "आज काय झालंय तुम्हाला? मी हसवतेय आणि तुम्ही मयताला बसल्यासारखे."

तिच्या डोक्यावर पाळणा टांगला होता. ओतिलियाचे डोळे त्याच्या गाठींवर जात आणि परत ताटात येत.

*

मिर्तो ओतिलियाच्या नवऱ्याने, एवारिस्तोने, लावले होते, नोएमी जन्मली त्या वर्षी. डोंगरात दगडांच्या फटीत उगवलेली रोपं त्याने ओल्या पोत्यात बांधून आणली होती. लावल्यावर ओतिलिया रोज बादली घेऊन जाई आणि रोपं पिवळी पडत. "नको घालूस पाणी," एवारिस्तो म्हणाला होता. "याला लाड सोसत नाहीत. उपाशी ठेव, फुलेल." तो सांगून गेला, आणि पुढे स्वतःही गेला, छातीतल्या दुखण्याने. कुंपण राहिलं. विहिरी आटल्या, शेजाऱ्यांची डाळिंबं वाळली, पण मिर्तोला वसंतात आणि शरदात लाल बहर चुकला नाही.

छाटणीचे नियमही त्याचेच. कात्री लावायची ती फेब्रुवारीत, मेणबत्त्यांचा सण झाल्यावर, कडाक्याची थंडी सरली की. झुडूप निम्म्यावर आणायचं. कापायचं ते हिरव्या काडीवर, पानांच्या जोडीच्या जरा वर, जिथे बारीक डोळे फुगलेले दिसतात. त्याखालच्या करड्या, साल सुटलेल्या लाकडाला हात लावायचा नाही. करड्या लाकडाला डोळे नसतात. तिथे कापलं तर झाड वाट बघतं, वाट बघतं आणि मरतं. उरलेल्या वर्षात फक्त सुकलेले तुरे खुडायचे. ऑक्टोबरात तर कात्री जुड्यांपुरतीच.

दुपार कलल्यावर ओतिलियाने मोठी कात्री दगडावर घासली आणि फाटकाजवळच्या पहिल्या झुडपापासून सुरुवात केली.

ती तुरे खुडत नव्हती. फुललेली प्रत्येक काडी हातभर खालून कापून ती पायाशी टाकत होती. लाल फुलं मातीत पडत होती. कात्रीला काही सांगावं लागत नव्हतं, आणि कात्री कुणाला काही सांगणार नव्हती. फूल नाही तर पाखरू नाही. पाखरू नाही तर जाळीला काम नाही. नोएमीला काहीच कळायची गरज नाही.

"आई!" नोएमी कपडे वाळत घालता घालता थांबली. "काय करतेयस? मेणबत्त्यांचा सण कुठं, आपण कुठं!"

"फांद्या म्हाताऱ्या झाल्यात."

"भरबहरात? उद्या पाखरं उतरणार, आणि तू..." तिने ओला शर्ट तसाच दोरीवर टाकला. "बाबा असते तर हातातली कात्री काढून घेतली असती."

"बाबा नाहीत."

नोएमीने खाली पडलेली एक फांदी उचलली आणि तिची फुलं झटकली. एलिसेओ मागच्या अंगणातून आला आणि भिंतीच्या कोपऱ्याशी उभा राहिला. त्याला लगेच कळलं. त्याने टोपी मागे सारली, पुढे ओढली, परत मागे सारली. अडवायला मात्र पुढे आला नाही.

शेवटची दोन झुडपं राहिली होती तेव्हा पांढरी गाडी फाटकाशी थांबली.

बुलमारो सावकाश उतरला. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, तोंडात काडी. हातात शहरातल्या मिठाईच्या दुकानाचं खोकं. आत शिरण्याआधी त्याने फाटकावर टकटक केली, फाटक उघडं असूनही.

"नमस्कार, दोन्या ओतिलिया," तो मानाने जरा झुकून म्हणाला. "आणि ही नोएमी ना? घे पोरी, फळांच्या गराची वडी आहे. पोटातल्याला आवडेल." खोकं तिच्या हातात देऊन तो कुंपणाकडे वळला. काडी तोंडाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. "बाग आवरताय?"

"हो."

"ऑक्टोबरात?"

"म्हातारपणी महिने कळत नाहीत."

"माझ्या आजीचंही तसंच व्हायचं," बुलमारो म्हणाला. तो वाकला, कापलेल्या झुडपाची एक काडी दोन बोटांत धरली आणि टोक निरखलं. "पण हाताला कळतं, बघा. हिरव्यावर कापलंय. डोळे सगळे जागेवर. आजी मिर्तो लावायची, दोन्या, मला ठाऊक आहे. याला कापलं की राग येतो आणि दुप्पट फुलतो. पंधरा दिवस. तीन आठवडे फार तर." तो उभा राहिला, हात झटकले. "उद्याची झुंड गेली, असू दे. मागून येणारी असतातच, महिनाभर. मला घाई नाही. एलिसेओलाही नाही. हो ना, एलिसेओ?"

"कसली झुंड?" नोएमीने विचारलं.

बुलमारो तिच्याकडे बघून हसला, आणि मग ते हसू तसंच ठेवून एलिसेओकडे वळला. "अजून सांगितलं नाहीस बायकोला?"

एलिसेओच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. ओतिलियाला दिसलं की सगळं नोएमीसमोर उघडं पडायला आणखी एकच वाक्य लागणार आहे. बुलमारोचं, नाहीतर एलिसेओचं.

ती घराच्या भिंतीकडे गेली. खिळ्यावर एवारिस्तोची धनुकलीसारखी करवत टांगलेली होती. ती उतरवून ती परत आली, पहिल्या झुडपापाशी गुडघ्यांवर बसली, आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर, जिथे खोड मनगटाएवढं आणि करडं होतं, तिथे पातं टेकवलं.

"आई, नको." नोएमीचा आवाज बदलला. "आई, तिथं नको. मरेल ते. बाबांचं आहे ते."

"माहीत आहे."

करवत पहिल्यांदा घसरली. सालीचा एक पापुद्रा निघाला. दुसऱ्यांदा पातं धरलं. पिवळा भुसा तिच्या एप्रनवर पडू लागला, आणि मिर्तोचा उग्र वास दाटला, औषधासारखा, सेनोबियाच्या खोलीसारखा. पहिलं झुडूप आडवं झालं. ती गुडघ्यांवरच सरकत दुसऱ्यापाशी गेली. खोडाच्या मध्यावर करवत अडकली. ना पुढे, ना मागे.

बुलमारोने तोंडातली काडी काढली.

"एलिसेओ," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "सासूला आवर बाबा. हात कापून घेतील."

एलिसेओ पुढे आला. त्याच्या बुटांखाली पडलेली फुलं चिरडली जात होती. तो ओतिलियाच्या शेजारी थांबला आणि हात पुढे केला.

"द्या इकडं."

तिने वर बघितलं. उन्हाकडे पाठ होती त्याची; चेहरा दिसत नव्हता. मूठ सोडली की करवत त्याची. मग तो काय करील, ते तिच्या हातात राहणार नव्हतं. तिने मूठ आणखी आवळली. मग सोडली.

एलिसेओ मातीत बसला. तीन बोटांनी त्याने करवतीची मूठ पकडली, डाव्या हाताने खोड पलीकडे रेटलं, म्हणजे चीर उघडली, आणि तिने सोडलं होतं तिथूनच कापायला लागला.

बुलमारो बघत राहिला. दुसरं झुडूप पडलं. तिसरं पडलं. एलिसेओने मान वर केली नाही.

"माझी झाडं आहेत, मी तोडली," ओतिलिया म्हणाली. भिंतीला धरून ती उठली होती. "कुणी विचारलं तर असंच सांगा. त्याचा यात काही संबंध नाही."

"करवत तर त्याच्या हातात दिसते."

"म्हातारीचा हात भरून आला. सासूनं सांगितल्यावर जावयानं काय नाही म्हणायचं?"

क्षणभर असं वाटलं की बुलमारो हसणार. त्याने काडी पुन्हा तोंडात धरली, आडव्या पडलेल्या झुडपांवरून नजर फिरवली, आणि उभ्या असलेल्या, पण आता करवतीखालीच जाणाऱ्या झुडपांवरूनही.

"बरं," तो म्हणाला. "लक्षात ठेवीन मी."

"ठेवा."

"डबा दे, एलिसेओ."

एलिसेओ उठला, खुराड्यामागे गेला आणि कॉफीचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. बुलमारोने तो कानाशी हलवून बघितला. आत काहीतरी हलकं, कोरडं, सुकलेल्या शेंगांसारखं वाजलं. नोएमीने तो आवाज ऐकला. तिने डब्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आईच्या पायाशी पडलेल्या फुलांकडे बघितलं. हातातलं मिठाईचं खोकं तिने फाटकाच्या खांबावर ठेवून दिलं आणि घरात गेली.

गाडी वळली. तिची धूळ खाली बसायच्या आत उत्तरेकडून पहिला झोत आला आणि दोरीवरचे कपडे आडवे झाले. एलिसेओ अंधार पडेपर्यंत करवत चालवत राहिला.

*

सकाळी आभाळ घासलेल्या ताटासारखं होतं आणि हवा बोचत होती.

नोएमी दोघांशीही बोलत नव्हती. मात्र ओतिलिया उठून बाहेर आली तेव्हा कोरड्या विहिरीच्या कठड्यावर मिरच्यांचे रिकामे डबे ओळीने मांडलेले होते. त्यांत वाळू भरली होती, आणि प्रत्येकात मिर्तोच्या हिरव्या काड्या, फुलं खुडून, खालची पानं ओरबाडून, खोचलेल्या. कधी केलं होतं कुणास ठाऊक. वाऱ्याने कलंडू नयेत म्हणून डब्यांना दगडांचा आधारही दिला होता.

एलिसेओ फाटकापाशी होता. अंगात जाकीट, डोक्यावर टोपी.

"भट्टीवर परत विचारून येतो," तो म्हणाला.

"हाताचं काय सांगशील?"

"विचारलं तर सांगीन."

ओतिलियाने एप्रनच्या खिशात हात घातला. सकाळी नोएमी चुलीपाशी गेली तेव्हा तिने गादी उचलली होती. पुडी आता खिशात होती, वजन नसल्यासारखी. ते तिने एलिसेओला सांगितलं नाही.

"रात्री जेवायला काय करू?" तिने विचारलं.

त्याने फाटकाची कडी काढली, परत लावली, परत काढली. "जे असेल ते."

तो रस्त्याला लागला. वळणावर त्याची टोपी काही वेळ दिसली, मग नुसता रस्ता. तो रस्ता भट्टीकडेही जात होता आणि बसथांब्याकडेही.

मग पाखरं आली.

आधी एक, मग कितीतरी. वाऱ्याने ढकलल्यासारखी टेकडीवरून खाली उतरली आणि थेट कुंपणाशी थांबली. कुंपण तिथे नव्हतं. पाखरं मात्र तिथेच थांबली, कालपर्यंत फुलं होती त्या उंचीवर. रिकाम्या हवेत ती पंख भिरभिरवत उभी राहिली, जरा डावीकडे सरकली, जरा उजवीकडे, पुन्हा त्याच जागी आली. ओतिलिया भिंतीशी बसून बघत होती. एकेक करून ती उठली आणि घरावरून दक्षिणेला गेली.

तिने पहिल्या खुंटाच्या मुळाशी खुरपं टेकवलं. मग खिशातून पुडी काढली आणि कापड उलगडलं. पाखरू मातीत घालायचं, पण कापड कशाला वाया घालवायचं, असा तिचा विचार होता. आतला दोरा अजून तसाच लाल होता. बाजारात होता त्याहून जास्त, कारण त्याने ऊन कधी बघितलंच नव्हतं.

कानाशी गुणगुण झाली. मागे राहिलेलं एक पाखरू तिच्या हातासमोर हवेत उभं होतं. गळा काळा दिसत होता. ते वळलं आणि गळा पेटला. त्याने चोच पुढे केली, लाल दोऱ्याला लावली. मागे सरलं. पुन्हा एकदा, जरा वरच्या बाजूला, लावून बघितली.

ओतिलियाने हात हलवला नाही. ते जाईपर्यंत तसाच धरून ठेवला, आणि मग खड्डा खणायला घेतला.